शिबिरातला फॉर्म

मारुतीने पेढ्यांचा पुडा टीपॉयवर ठेवला आणि सोफ्यावर जपून, एका अंगावर कलून बसला.

"बारा सुया टोचल्या, दादा. काही निघालं नाही. कॅन्सर नाही!"

"मग आठ दिवस ॲडमिट कशाला ठेवलेलं, भावजी?" शिवरामच्या बायकोने, रतनने विचारलं.

"टोचल्यावर ताप भरला, वहिनी. लघवीतनं रक्त. नळी घातलेली, पिशवी हातात घेऊन फिरायचो. वॉर्डातले म्हणायचे, काका शॉपिंगला निघाले."

रतन हसली. शिवराम पुड्याची सुतळी सोडत होता. गाठ काही सुटेना.

दोन महिन्यांपूर्वी डोंबिवलीच्या तपासणी शिबिरात दोघे भाऊ शेजारी बसले होते. शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत मारुतीचा कागद दादानेच भरायचा, ही घरची रीत. शिबिराचेही दोन्ही फॉर्म शिवरामनेच भरले. रक्त नंबरावर घेत होते. त्याने स्वतःच्या नंबरापुढे मारुतीचं नाव घातलं आणि मारुतीच्या नंबरापुढे स्वतःचं. आदल्याच दिवशी विमावाली योगिनी बजावून गेलेली, "काका, पॉलिसी पास होईपर्यंत प्रोस्टेटचं रक्त तपासू नका. आकडा वर गेला की कंपनी दारातूनच परत पाठवते. मग कॅन्सर असो की नसो." पण शिवरामची लघवी तुंबत होती, जीवाला घोर लागलेला. आणि मारुतीकडे गमवायला पॉलिसीच नव्हती.

चारच्या आत हवा तो आकडा अकरा आला. मारुतीच्या नावाने.

आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता पॉलिसी आली. आतल्या पानावर बारीक अक्षरांत होतं, आधीपासूनच्या दुखण्याला तीन वर्षं काही मिळणार नाही. तेव्हापासून शिवराम दिवस मोजत होता.

"डॉक्टर म्हणालेले, सुया टोचण्याआधी रक्त परत तपासू," मारुती सांगत होता. "मी म्हटलं, गरज नाही. माझ्या दादाने स्वतः उभं राहून केलंय, चुकेल कसं?"

शिवरामने सुतळी दातांनी तोडली.

"पण एक आहे, दादा. असलं दुखणं घराण्यात असतं म्हणे. माझा एवढा चढलेला, तर तुझाही बघायला हवा. तुझा किती आलेला रे?"

रतनही वळून बघू लागली.

"एक," शिवराम म्हणाला. "नॉर्मल."

मारुतीने डोळे मिटून हात जोडले.

"सुटलो बाबा. तिथं पडल्यापडल्या मला तुझीच काळजी लागलेली."