पहिल्या तीन गाड्या

थरथर मी आधी ऐकली, दिसली नंतर. ह्यांच्या उजव्या हातातला कप बशीवर किणकिणत राहिला आणि हे म्हणाले, "टेबल हलतंय." टेबल भिंतीला ठोकून बसवलेलं आहे.

हे शिलाई मशीन दुरुस्त करायचे. वर्षभरात दुकान बंद करावं लागलं, ते त्यांनी मुकाट सोसलं. पण रविवारच्या शर्यतीत त्यांची गाडी सरळ पट्टीवर नागमोडी जायला लागली, त्या दिवशी घरी येऊन नळ सोडून बराच वेळ बाथरूममध्ये बसले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, पुढच्या वर्षी रिमोट हातात धरता येईल असं धरून चालू नका. म्हणजे चालवायला उरलं होतं ते हेच वर्ष.

गाडी रिमोटवरची, दीड-दोन वीत लांब. खेळणं म्हणा हवं तर, फक्त ह्यांच्यासमोर म्हणू नका. बारा वर्षांपूर्वी ह्यांनी आणि माझ्या धाकट्या दिरांनी एका रिकाम्या गोदामात गालिचा अंथरून शर्यतींचा हा वर्ग सुरू केला तेव्हा पाच गाड्या होत्या. बॉडी पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारींसारखी, म्हणून नाव पडलं 'जुना घाट'. सगळ्यांना एकच मंद मोटर, तीही सील केलेली. टायर अरुंद, टणक रबराचे. वळणावर गाडी घसरणारच, आणि ती सावरायची चालवणाऱ्याच्या हाताने. मजा म्हणाल तर तेवढीच.

नियम आठ होते. ते वहीच्या एका पानावर मी लिहून काढले, कारण ह्यांचं अक्षर ह्यांनाही लागत नाही. सहावा नियम, गाडीत ड्रायव्हरचा पुतळा हवा. नंतर त्यात 'डोक्यासकट' असं वाढवावं लागलं. चौथा नियम, चालवणाऱ्याच्या हाताला मदत करणारं कुठलंही यंत्र गाडीत चालणार नाही. तो आला दातांच्या डॉक्टरांमुळे. ते पहिल्याच दिवशी जायरो लावून आले होते. जायरो म्हणजे साखरेच्या चौकोनी खड्याएवढी डबी. गाडी भरकटायला लागली की ती आपली आपण चाकं सावरते. हे हसत म्हणाले होते, "डॉक्टर, हात चालत नसेल तर माणसाने घरी बसावं." सगळे हसले. मीही हसले होते.

पाचाच्या साठ गाड्या झाल्या आणि एका पानाची एकतीस पानं. एकाने कागदाचा बंपर लावला, म्हणून बंपरची जाडी आली. एकाने वजन भरायला पुतळ्याच्या पोटात शिसं ओतलं, म्हणून पुतळ्याचं वजन आलं. एकाने तपासणी झाल्यावर मोटर बदलली, तेव्हा ह्यांनीच शेवटच्या पानावर घातलं की अंतिम शर्यतीतल्या पहिल्या तीन गाड्या पुन्हा उघडायच्या आणि लबाडी सापडली तर एक वर्ष बंदी. शर्यतीआधीच्या तपासणीला टेबलावर मी बसायचे. वजनकाटा, मोजपट्टी, आणि पास झालेल्या गाडीवर चिकटवायचा पिवळा स्टिकर. नंतरची तपासणी भाऊजींकडे.

वार्षिक शर्यतीच्या महिनाभर आधी भाऊजी घरी आले. चपला काढायच्या आधीच बोलायला लागले, म्हणजे वाटेत पाठ केलं असणार.

"दादा, समितीशी बोललोय मी. तुझ्यासाठी चौथ्या नियमाला अपवाद करू. जायरो लाव. कोणी हरकत घेणार नाही."

"का? मी काय लहान मूल आहे?"

"मूल असतास तर ऐकलं असतंस."

"साठ जणांसमोर माझ्या नावाने नियम वाकवायचा? उद्या त्यातल्या प्रत्येकाचा हात थरथरेल. तू बस, सरबत घे आणि घरी जा."

"वहिनी, तुम्ही तरी सांगा ह्याला."

"मी बत्तीस वर्षं सांगतेय भाऊजी. तुम्हाला कधी निकाल लागलेला दिसला का?"

तिघेही हसलो. विषय तिथेच संपला, असं मला वाटलं.

शर्यतीच्या रविवारी सकाळी रांगेत ह्यांची गाडी माझ्यासमोर आली. वजन बरोबर, बंपर बरोबर, पुतळा डोक्यासकट. बॉडी उचलली तर बॅटरीच्या आड काळी टेप गुंडाळलेलं काहीतरी होतं. बोट लावलं. साखरेचा खडा.

मी वर पाहिलं. हे माझ्याकडे बघत नव्हते. डाव्या हाताने उजवं मनगट धरून माझ्या वजनकाट्याकडे बघत होते, जसं काही आकडा अजून यायचाच आहे. मागे सतरा गाड्या उभ्या होत्या.

"काकू, लवकर," मागून कोणीतरी म्हणालं, "घरचं घरीच तपासून आणायचं ना!"

मागितलं असतं तर हक्काने मिळत होतं ते. पण हात चालत नाही हे समितीपुढे कबूल करण्यापेक्षा चोर होणं ह्यांना सोपं वाटलं. मी बॉडी खाली ठेवली आणि पिवळा स्टिकर चिकटवला. तो वाकडा बसला.

दुपारपर्यंत मला कळून चुकलं की हे चांगली गाडी चालवताहेत. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ पट्टीवर गाडी सरळ जात होती. उंच फळीवर चालवणारे रांगेत उभे राहतात, त्यात मला त्यांचा चेहरा दिसत होता. दुकानात बंद पडलेलं मशीन सुरू व्हायचं तेव्हा असायचा, तसा. अंतिम शर्यतीच्या दहा गाड्यांत ह्यांचा नंबर लागला.

अंतिम शर्यत आठ मिनिटांची. पाचव्या मिनिटाला हे चौथे होते. चौथे राहा, मी मनात म्हणत होते, चौथ्याची गाडी कोणी उघडत नाही. चौथे राहा आणि घरी चला. तिसरा होता गिरकी. त्याची गाडी गेली आठ वर्षं प्रत्येक वळणावर गिरकी घ्यायची, खरं नाव सगळे विसरले. आज पहिल्यांदा तो शेवटच्या फेरीपर्यंत तिसरा टिकला होता. शेवटच्या वळणावर त्याच्या गाडीचं मागचं चाक कडेला लागलं आणि ती उताणी पडली. मागे राहायला ह्यांना रिमोटवरचं बोट नुसतं ढिलं करायचं होतं. त्यांनी केलं नाही. गाडी गिरकीच्या गाडीला वळसा घालून पुढे गेली, आणि फळीवर माझा नवरा ओरडला. काय ओरडले ते कळलं नाही, पण आवाज तिशीतल्या माणसाचा होता.

आमच्याकडे रीत अशी की ज्याची शर्यत झाली त्याने लगेच केशरी जॅकेट घालून पुढच्या शर्यतीसाठी वळणावर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सुलट्या करून द्यायच्या. त्याला मार्शल म्हणतात. हे तिसऱ्या वळणावर गेले. त्यांची गाडी भाऊजींच्या टेबलावर आली.

भाऊजींनी बॉडी उचलली आणि हात तिथेच थांबला. शेजारी समितीतर्फे दातांचे डॉक्टर होते. त्यांनीही पाहिलं. हळू आवाजात म्हणाले, "झाका ते. माझा चष्मा बाहेर मोटारीत राहिलाय, मला काही दिसलं नाही."

भाऊजींनी बॉडी परत टेकवली. टेकवलीच होती. पण गिरकी आपली मोडकी गाडी काखेत धरून तिथेच उभा होता.

"तो जायरो आहे ना?" त्याने विचारलं. रागाने नव्हे. मग माझ्याकडे वळला. "काकू, तुम्ही स्टिकर लावला होता."

"लावला होता," मी म्हणाले.

त्याचे डोळे भरले. आठ वर्षांचा तिसरा नंबर होता तो. भाऊजींनी एकदा माझ्याकडे, एकदा तिसऱ्या वळणाकडे पाहिलं. "वहिनी, मी महिनाभर आधी पाया पडायला तयार होतो हो," एवढं म्हणाले आणि माईक उचलला.

अंतिम दहांत न आलेल्यांची पुढची शर्यत सुरू झालेली होती. तिच्या गोंगाटावर त्यांचा आवाज चढला: तिसऱ्या क्रमांकाची गाडी बाद, नियम चार, चालकावर एक वर्ष बंदी. नाव घेताना आवाज फाटला. गालिच्यावर गाड्या करकरत राहिल्या. ह्यांनी मान वळवली नाही. नजर गालिच्यावर, मार्शलने ठेवायची तशी.

तेवढ्यात त्यांच्या पायाशी एक गाडी उलटली.

"मार्शल! मार्शल!" फळीवरून ओरडा झाला.

हे वाकले. उजव्या हातातून गाडी निसटली. पुन्हा उचलली, दोन्ही हातांनी. चाकं हवेत फिरत होती, आणि हात त्याहून जोरात हलत होते. त्यांनी ती खाली ठेवली, पण तोंड उलट्या दिशेला. समोरून येणाऱ्या दोन गाड्या तिच्यावर आदळल्या.

जॅकेट नसलेल्या माणसाने ट्रॅकवर पाऊल ठेवायचं नसतं. मी गेले. तिन्ही गाड्या सोडवल्या, सुलट्या केल्या, सोडून दिल्या. मग त्यांच्या कोपराला धरलं.

"चला घरी. भाऊजी दुसऱ्या कोणाला उभं करतील."

"तू बाजूला हो," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. "मला करू दे."

"अहो…"

"ह्याच्यावर बंदी नाही. करू दे."

मी बाजूला झाले. शर्यतीची सहा मिनिटं उरली होती, आणि तिसऱ्या वळणावर गाड्या सारख्या उलटत होत्या.