चौतीस जणांना अडवणारा हवालदार

आमच्या हवालदाराला हात दोनच आहेत, हे मी वीस वर्षं ठाण्यात त्याच्यासमोरच्या टेबलावर बसून खात्रीनं सांगू शकतो. तरीही पुठ्ठ्याच्या कारखान्यात दोन माणसं गेली त्या सोमवारी त्यानं त्याच दोन हातांनी चौतीस जणांना अडवलं, असे चौतीस जबाब मी स्वतः लिहून घेतलेत, खाली सह्यांसकट.

सुरुवातीला एवढे नव्हते. सोमवारी संध्याकाळी अडवलेले होते तीन. मंगळवारी वर्तमानपत्रात बातमी आली, तोवर ते नऊ झाले. बुधवारी नागरिक समितीची सभा झाली आणि तिथं चहाबरोबर आणखी बारा जणांना आठवलं, की आपणही बाह्या सरसावून त्या दोघांना काढायला कारखान्याच्या टाकीकडे निघालो होतो. शुक्रवारी चौकशीला वरून साहेब येणार असं कळलं, तेव्हा ठाण्याच्या दारात रांगच लागली. इतकी शूर माणसं आपल्या भागात राहतात आणि आपल्याला पत्ता नाही, याची मला लाज वाटायला लागली.

हवालदाराला सगळे खांब म्हणतात. तो चौकात उभा राहतो तो उभाच राहतो. त्याला पळताना कुणी पाहिलेलं नाही, चोरांनीसुद्धा नाही.

त्या सोमवारी तो कारखान्याच्या फाटकाशी मालाच्या गाड्या लावून देत होता. आत काय झालं ते समजायला कारखान्याची रीत माहीत हवी. तिथं रद्दी कागद जमिनीखालच्या मोठ्या टाकीत भिजवतात आणि एक यांत्रिक रवी तो लगदा घुसळत राहते. रविवारी सुट्टी. लगदा आत तसाच आंबत पडतो. सोमवारी सकाळी रवी अडकलेली असते, मग एका माणसानं लोखंडी शिडीनं उतरून ती मोकळी करायची. कधी उतरायचं ते मुकादम ठरवणार, आणि तो ते नाकानं ठरवणार. झाकण काढायचं, वाकायचं, हुंगायचं. वास येत असला तर थांबायचं, वास गेला की उतरायचं. तीस वर्षं हाच नियम. मुकादमाला आपल्या नाकाचा इतका अभिमान, की सर्दी झाली तर तो रजा घेतो.

त्या दिवशी वास आला आणि पाचेक मिनिटांत गेला. मुकादम म्हणाला, उतर. रवीवाला उतरला आणि चौथ्या पायरीवरून दगड पडावा तसा खाली गेला. फिटर त्याचा जुना मित्र. तो हाका मारत मागोमाग उतरला, तोही गेला. ओरडा ऐकून खांब आत आला. अग्निशमन दलाची गाडी यायला पस्तीस मिनिटं लागली. मुखवटे लावलेल्या जवानांनी दोघांना वर काढलं तेव्हा रवीवाला संपला होता. फिटरचा श्वास मात्र चालू होता, दवाखान्याच्या दारापर्यंत.

अग्निशमनचा प्रमुख नंतर ठाण्यात येऊन नीट समजावून गेला. हा वायू आधी नाकच मारतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं नसतं, नाक गेलेलं असतं. मी ते लिहून मुकादमाला वाचून दाखवलं. तो सही करता करता म्हणाला, की या लोकांची नाकं कच्ची असतात, मुखवटे लावून लावून.

तर समितीची मागणी अशी, की दुसऱ्यासाठी जीव द्यायला निघालेल्या माणसाला पोलिसांनी अडवू नये आणि ज्यानं अडवलं त्याची वर्दी उतरवावी. खाली सह्या. जोडीला समितीनं व्यायामशाळेत एक समारंभ करून, ज्यांनी वाचवण्याचा प्रयत्न केला त्यांना प्रमाणपत्रं वाटली. त्या यादीत फिटरचं नाव नव्हतं. विचारलं तर म्हणाले, यादी समारंभाला हजर राहणाऱ्यांची आहे.

जबाबही पाहण्यासारखे. व्यायामशाळेचा मालक म्हणाला, हवालदारानं माझी कॉलर धरून मला मागे खेचलं. या माणसाला कॉलर असलेल्या कपड्यात मी लग्नकार्यातसुद्धा पाहिलेलं नाही, दंड झाकले जातात म्हणून तो बारा महिने बिनबाह्यांच्या बनियनवर असतो. शिकवणीच्या मास्तरांनी सांगितलं, की हवालदारानं माझे दोन्ही हात मागे पिरगाळले. बेकरीवाल्याला त्यानं कमरेला मिठी मारून थांबवलं होतं. बेकरीवाल्याच्या कमरेला मिठी मारायची तर दोन हवालदार लागतील. पण मी लिहिणारा माणूस. जे सांगतील ते लिहायचं, ओठ दाबून.

सगळ्यात लहान जबाब खांबाचा. एकच ओळ. "मी टाकीच्या तोंडावर बसलो."

मी म्हटलं, अरे बाबा, नोकरी जायची वेळ आलीय, जरा सविस्तर सांग. कुणाला कसं समजावलं, कुणाला धोका सांगितला, काहीतरी. तो म्हणाला, एवढंच केलं. मग जाताना दारात थांबला.

"फिटरचं डॉक्टरांनी काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. दारापर्यंत श्वास चालू होता. तो मान हलवून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तेच विचारलं, तिसऱ्या दिवशीही. जणू कागद रात्रीतून बदलणार होता.

त्या आठवड्यात त्याची तब्येत ठीक नव्हती. पहिले दोन दिवस उलट्या झाल्या, डोकं ठणकत होतं, डोळे लालभडक. एकदा त्यानं बाही वर केली तर दंडावर दातांचा पुरा गोल उमटलेला, काळानिळा. म्हटलं, कुत्रं चावलं की काय. तो म्हणाला, नाही, आणि बाही खाली ओढली.

एक जबाब तेवढा राहिला होता, रवीवाल्याच्या बायकोचा. ती त्याच कारखान्यात कटाईच्या मशिनवर आहे, सगळे तिला वहिनी म्हणतात. तिच्या वतीनं बोलायला चौतीस जण होते, ती स्वतः गप्प. समितीवाले सांगत फिरायचे, वहिनींचा जबाब येऊ दे, मग बघा खांब कसा आडवा होतो. साहेबांनीही फाइल त्याच जबाबासाठी उघडी ठेवली होती. ती बोलली की वर्दी राहणार किंवा जाणार, एवढा सरळ हिशेब होता.

साहेब मोजक्या शब्दांचा माणूस. त्यांनी चौतीस जबाब वाचले, चष्मा पुसला आणि हुकूम दिला, की सोमवारी सकाळी सगळ्यांनी टाकीपाशी हजर राहायचं. जो जिथं उभा होता तिथं त्यानं उभं राहायचं, खडूनं खुणा होतील. टाकी सील करून ठेवलेली होती, आतला लगदा आठवडाभर आंबत होता. अग्निशमनचा प्रमुख मुखवटे आणि वायू मोजायचं यंत्र घेऊन येणार होता.

टाकीची खोली पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद. मधोमध टाकीचं तोंड, दोन फुटांचं. साहेबांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. पहिला म्हणाला, मी तोंडाच्या अगदी काठावर. दुसराही काठावर. तिसऱ्याचा तर एक पाय शिडीवर होता. चौथ्याचाही. मी खडू घेऊन वाकलो होतो. अकराव्या माणसापर्यंत खुणा एकमेकांच्या बुटांवर यायला लागल्या. बेकरीवाला आणि मास्तर एकाच फरशीवरून कुजबुजत भांडले. साहेब शांतपणे म्हणाले, लिहून घ्या, सगळे काठावर.

मग त्यांनी झाकण काढायला सांगितलं.

सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला, की खोली अर्ध्या मिनिटात रिकामी झाली. कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही. चौतीस जण आपापल्या पायांनी दारात जाऊन थांबले आणि तिथून माना उंच करून पाहू लागले. मीही दारातच होतो, लिहिणाऱ्याला उजेडात बसावं लागतं.

आत उरले साहेब, अग्निशमनचा प्रमुख, मुकादम, भिंतीला टेकलेला खांब आणि कटाईचा जाड ॲप्रन घातलेली वहिनी. ती कधी आली ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

साहेबांनी मुकादमाला विचारलं, उतरायचं कसं ठरवता ते दाखवा. एवढ्या लोकांसमोर कुणी कौतुकानं विचारल्याला त्याला बरीच वर्षं झाली असावीत. तो गुडघ्यावर बसला, डोळे मिटले, हुंगलं. वास आहे, म्हणाला. थांबला. पुन्हा हुंगलं. प्रमुखाच्या हातातलं यंत्र तोवर एकसारखं केकाटत होतं. मुकादमानं तिसऱ्यांदा हुंगलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"झालं, साहेब. आता वास गेला. माझ्या जबाबदारीवर सांगतो."

प्रमुख म्हणाला, काटा बघा, मघापेक्षा वर गेलाय. मुकादमानं यंत्राकडे तुच्छतेनं पाहिलं. असली खेळणी कालची, नाक तीस वर्षांचं, असं काहीसं पुटपुटला आणि दाखवून द्यायला एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर ठेवला. प्रमुख दोन हात लांब होता. दारातल्या चौतीस जणांपैकी एकाचाही पाय हलला नाही. उलट मागच्या दोघातिघांनी अंगणात जागा करून घेतली.

खांब भिंतीपासून निघाला. पळाला नाही, तो पळतच नाही. चालत आला, मुकादमाचा पाय बुटानं बाजूला सारला आणि त्या दोन फुटांच्या तोंडावर मांड ठोकून बसला. मुकादम चिडून त्याचा खांदा ओढायला लागला. खांब समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिला, चौकात बघतो तसा. प्रमुखानं धावत येऊन त्याच्या तोंडावर मुखवटा दाबला, मुकादमाला बाजूला ओढलं आणि झाकण मागवलं.

झाकण बसलं. मग वहिनी म्हणाली, "अस्साच बसला होता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारातून आत आलो, वही उघडली.

"लिहा," ती म्हणाली. "त्या दिवशी यानं एकाच माणसाला अडवलं. मला. मी याला लाथा घातल्या, केस ओढले, दंडाला चावले. हात नाही उचलला यानं माझ्यावर. नुसता बसून राहिला. बाकी कुणाला अडवलं ते मला माहीत नाही. कुणी आलंच नव्हतं."

व्यायामशाळेचा मालक दारातून म्हणाला, की वहिनी, असं काय करता, आम्ही सगळे तुमच्याच बाजूनं आहोत.

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. रागही नव्हता त्या नजरेत. कटाईच्या मशिनवर खराब निघालेला तुकडा बाजूला टाकताना पाहतात, तेवढंच.

"माझ्या बाजूला कुणी असतं तर हा उठला असता," ती म्हणाली. "दोघांनी मिळून याला ढकलता आलं असतं. मी ओरडत होते, कुणीतरी या म्हणून. तुम्ही सगळे तेव्हाही दारातच होतात. आज उभे आहात तिथंच."

दारात कुणीतरी खोकलं. मास्तरांनी घड्याळ पाहिलं.

साहेबांनी विचारलं, मग बाई, तुमचं काय म्हणणं आहे? यानं तुम्हाला अडवायला नको होतं? वहिनीनं ॲप्रनची गाठ घट्ट केली. म्हणाली, "ते तुम्ही ठरवा, तुमचं काम आहे ते. पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा उडी घ्यायला धावीन. हा पुन्हा बसला तर पुन्हा चावीन. याला मी माफ केलेलं नाही, तेही लिहा. पण माझं अडवणं यांच्यात वाटू नका."

मी सगळं लिहिलं, शब्द न गाळता. तिनं वाचून सही केली. खांब मुखवटा काढून भिंतीशी धापा टाकत बसला होता. ती त्याच्यासमोरून जायला लागली तेव्हा तो म्हणाला, "ताई, फिटरचं मला माहीत नाही. बसलो नसतो तर कदाचित..."

ती क्षणभर थांबली. "मलाही माहीत नाही," म्हणाली आणि कटाईच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं तिचं मशिन सुरू झाल्याचा आवाज आला.

जायच्या आधी साहेबांनी दारात उभं राहून सांगितलं, की कुणाला जबाबात दुरुस्ती करायची असेल तर उद्या बारापर्यंत ठाण्यात यावं. खोटा जबाब दिल्याची शिक्षा किती असते, तेही सहज बोलता बोलता सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग पहिल्यापेक्षा लांब होती. काही जण बायकोला आणि भावालाही घेऊन आले होते, आपण त्या वेळी घरीच होतो हे सांगायला. मास्तरांची त्या तासाला शिकवणी होती असं त्यांना आठवलं. बेकरीवाल्याची भट्टी पेटलेली होती. व्यायामशाळेच्या मालकानं लिहून दिलं, की कॉलर धरल्याचा उल्लेख गैरसमजातून झाला. वर हळूच विचारलं, प्रमाणपत्र परत करावं लागेल का? म्हटलं, राहू द्या, तुम्ही फ्रेम केलंय.

बारा वाजेपर्यंत चौतीसचे चौतीस जबाब मागे गेले. फाइलमध्ये अडवलेल्या माणसांची संख्या एक, तिच्याच सहीनं. त्या एका कागदावर खांबाची वर्दी राहिली. मुकादमाला टाकीवरून काढून गोदामात बसवलं. तिथं ओल्या कागदाचा वास कुठला आणि कोरड्याचा कुठला, ते तो येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगतो.

खांब दुपारी हुकुमाच्या प्रतीवर सही करायला आला. मी अभिनंदन केलं. त्यानं सही केली, पेन माझ्यासमोर ठेवलं आणि तिथंच उभा राहिला. काय विचारणार ते मला माहीत होतं. मी खण उघडला, डॉक्टरांचा कागद काढला आणि त्याला पुन्हा वाचून दाखवला.