एकेचाळीस नंबरची कोकरं

डॉक्टर मोहियुद्दीन यांनी दौलतच्या हातातली टेप काढून घेतली आणि ते स्वतःच कोकराशेजारी गुडघ्यावर बसले. दौलत दोन पावलं मागे सरकला. आठ महिन्यांत डॉक्टरांनी टेपेला हात लावायची ही पहिलीच वेळ होती. फार्मचा मॅनेजर कुंपणाच्या पाइपाला टेकून पाहत उभा होता. बाजूला पिकअपचा ड्रायव्हर मुनाफ, आणि मेंढ्यांना चारा घालणारी माणसंही काम सोडून उभी होती. दौलत वीरकराची मोजमापं खोटी आहेत की खरी, ते आज ठरणार होतं.

मार्च २००६ चा महिना होता. सौदीतल्या हाइल शहरापासून तासाभराच्या अंतरावर, गव्हाच्या गोल हिरव्या शेतांच्या पलीकडे हा मेंढ्यांचा फार्म होता. तांबड्या तोंडाच्या, पांढऱ्या अंगाच्या, शेपटीला चरबीची गादी असलेल्या नईमी मेंढ्या, साडेचारशे. डॉक्टर कैरोचे. मेंढीची वाढ तिच्या रक्तातल्या कोणत्या गुणावर ठरते, हे शोधायचं काम ते करत होते. एकच जीन असतो, पण त्याची दोन रूपं असतात, एका रूपाची कोकरं लवकर भरतात आणि दुसऱ्याची रेंगाळतात, असा त्यांचा कयास होता. एकेचाळीस नंबरच्या मेंढ्यात ते चांगलं रूप दुहेरी सापडलं होतं. म्हणजे त्याच्या प्रत्येक कोकरात ते उतरायलाच हवं. सगळ्या कोकरांचं रक्त तपासणं खर्चाचं होतं, म्हणून आधी फक्त मेंढे तपासले होते. कोकरांचं वजन, उंची, लांबी आणि छातीचा घेर दर महिन्याला दौलत घेत होता.

आणि एकेचाळीसच्या चोवीस कोकरांतली दहा रेंगाळली होती.

मॅनेजरचं म्हणणं सरळ होतं. माणूस पंपाचा मेकॅनिक, त्याला मेंढीतलं काय कळतं, आकडे चुकलेत, त्याला परत पाठवा. कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर दौलतचा व्हिसा होता त्या मालकाच्या कानावरही त्याने ते घातलं होतं.

दौलतच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, खरोखरच पंप मेकॅनिक लिहिलेलं होतं. माण तालुक्यातल्या धनगराघरचा तो धाकटा मुलगा. लहानपणी मेंढरांमागे चालून चालून पायाला भेगा पडल्या, तेव्हा त्याने ठरवलं की आपण हे करायचं नाही. साताऱ्याला आयटीआय केलं, फिटर झाला, जुबैलला कंपनीत सहा वर्षं पाइप जोडले. ते काम संपल्यावर कफीलने त्याला हाइलला बोअरच्या पंपांवर पाठवलं. एक दिवस मेंढ्यांचा वजनकाटा अडकला म्हणून त्याला बोलावलं. काटा दुरुस्त करून तो तपासायला त्याने एक कोकरू उचललं, आणि काट्यावर ठेवायच्या आधीच सहज म्हणाला, सतरा किलो. काट्याने सतरा किलो दोनशे ग्रॅम दाखवलं. डॉक्टर तिथेच होते. दुसऱ्या दिवसापासून मोजमापाचं काम दौलतकडे आलं.

गावी मात्र त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. मेंढरं सुटावीत म्हणून घर सोडलं आणि विमानाने येऊन पुन्हा मेंढरांतच बसलो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आई भीमाबाई फोनवर विचारायची, तर तो म्हणायचा, टेक्निशियन आहे.

डॉक्टरांनी त्या दिवशी तीस कोकरं मोजली. रियाधहून प्रमाणित वजनं आणून आधी काटा तपासला. मग प्रत्येक आकडा दौलतच्या महिन्याच्या तक्त्याशी ताडून पाहिला. कालच घेतलेली मापं होती ती. वजनात शंभर ग्रॅमच्या पुढे फरक निघाला नाही आणि छातीच्या घेरात अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढेही नाही. दुपारच्या अजानपर्यंत काम संपलं. डॉक्टर उठले, गुडघे झटकले आणि आकडे बरोबर आहेत एवढंच म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. आकडे बरोबर असतील तर त्यांचा कयास चुकला होता. ते मॅनेजरला सांगत होते की एकेचाळीसला या कामातून काढावं लागेल. मॅनेजर म्हणाला, मग तो ईदच्या बाजारात जाईल.

दौलतला तेवढं अरबी कळत होतं. तो मुनाफजवळ गेला. मुनाफ हर्णैचा, सौदीत पंधरा वर्षं काढलेला. अवघड बोलणं असलं की दौलत त्यालाच मध्ये घ्यायचा.

"मुनाफभाई, डॉक्टरास्नी सांगा. ही सगळी कोकरं एकेचाळीसची न्हाईत."

मुनाफने मॅनेजरकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अरे, आकडे बरोबर ठरले ना तुझे? सुटलास. आता गप बस. हे बोलायचं म्हणजे मॅनेजरने नोंद खोटी केली असं बोलायचं. उद्या खलास करून घरी पाठवतील तुला."

"पाठवू द्या. पर मेंढ्याचा काय गुन्हा?"

 मुनाफने टोपी सारखी केली आणि डॉक्टरांना अरबीत सगळं सांगितलं. मॅनेजर मध्येच बोलू लागला, तर डॉक्टरांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनी दौलतला विचारलं, कोणती नाहीत, दाखव.

दौलत कुंपणाआड मेंढ्यांच्या वाड्यात शिरला. चोवीस कोकरांतून एकेक पाहून तो बाजूला काढू लागला. काहींना दोनदा चालवून पाहिलं. शेवटी बारा बाजूला निघाली.

डॉक्टर हसले. वजनं तूच घेतोस, हलकी कोणती ते तुला पाठ आहे, असं ते म्हणाले.

दौलत म्हणाला, वजनावर नाही. या बारांत तीन चांगली जड आहेत, आणि मागे ठेवलेल्यांत एक हलकं आहे. मग त्याने दाखवलं. एकेचाळीस मागचे पाय जरा फाकवून टाकतो, त्याची कोकरंही तशीच चालतात. या बारांचे मागचे गुडघे आत वळतात आणि शेपटीची गादी मधोमध दुभंगलेली आहे. हे शेजारच्या वाड्यातल्या अठ्ठावन्न नंबरच्या मेंढ्याचं आहे. अठ्ठावन्नच्या वाड्यात जाऊन पाहा, तिथे एकेचाळीसची सापडतील.

हे तो कुठे शिकला, असं डॉक्टरांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला वडिलांचं नाव घ्यावं लागलं असतं. मागच्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा तो दोन महिने गावी होता. दोनशे मेंढरं कुरणात पसरली असली तरी कुठलं कुणाचं ते वडील लांबूनच सांगायचे. लहानपणी दौलतला त्याचं काही वाटायचं नाही. उलट लाज वाटायची, की आपल्या बापाला एवढंच येतं.

डॉक्टरांनी दोन्ही वाड्यांतल्या कोकरांचं रक्त काढून घेतलं. बाप कोण, हे त्यावरून नक्की कळतं, असं त्यांनी सांगितलं. मुनाफ बर्फाची पेटी पिकअपमध्ये घालून रियाधला निघाला.

पाच आठवडे काहीच आलं नाही. मॅनेजरने दौलतला मोजमापावरून काढून पुन्हा पंपांवर पाठवलं. निकाल आला की तुझा कायमचा एक्झिट लावतो, असं त्याने दोनदा ऐकवलं. दौलतने बॅग भरली नाही. तो पंपावर जायचा, बेअरिंग बदलायचा, आणि संध्याकाळी परत येताना वाड्यापाशी थांबून त्या बारांना चालताना पाहायचा. त्याला खात्री होती. तरी एका कोकराशी येऊन नजर अडखळायची.

मेच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर आले आणि थेट पंपघरात गेले. दौलतचे हात ग्रीसने भरले होते. डॉक्टरांनी हात पुढे केला, दौलतने आपला मागे घेतला, तर त्यांनी मनगटच धरून दाबलं. मग कागद उघडला. बारांतली अकरा अठ्ठावन्नची निघाली होती. बारावं एकेचाळीसचंच होतं. अठ्ठावन्नच्या वाड्यातही एकेचाळीसची तेरा सापडली होती आणि तेराही वजनदार होती. एकेचाळीसबद्दलचा कयास खरा ठरला होता.

मॅनेजरला मग सांगावंच लागलं. मागच्या जूनमध्ये, दौलत गावी असताना, वाळूचं वादळ आलं, कुंपण पडलं, दोन्ही मेंढे बाहेर गेले. माणसांनी धरून आणले ते उलटसुलट वाड्यांत घातले. दहा दिवसांनी कानातला बिल्ला पाहून चूक कळली, तेव्हा गुपचूप बदलले आणि वहीत काहीच लिहिलं नाही. त्यानंतर नोंदवह्या डॉक्टरांनी स्वतःकडे घेतल्या आणि मोजमाप दौलतकडे परत दिलं.

पण त्या दिवशी दौलत आधी गेला तो बाराव्या कोकराकडे. तेच होतं, नजर अडखळायची तेच. त्याला धरून त्याने पाय, गादी, गुडघे सगळं पुन्हा पाहिलं. काही केल्या ते बापासारखं दिसत नव्हतं. वाढीचा चांगला गुण रक्तात असूनही ते हलकंच होतं. डॉक्टर मागून आले. मुनाफने त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं, "साहेब म्हणतात, तू चुकलास ते बरं झालं. बापाचं सगळंच मुलात उतरत नाही, कुठे आईचं येतं, कुठे कुणाचंच नाही. हा फरक नसता तर त्यांना काही काम उरलं नसतं."

दौलत हसला. त्याचा थोरला भाऊ वडिलांच्या सावलीत वाढला, जन्मभर मेंढरांतच राहिला, पण त्याला स्वतःची मेंढी रंगाच्या खुणेशिवाय ओळखता यायची नाही. आणि जो पळून गेला होता त्याच्यात ते उतरलं होतं.

शुक्रवारी हाइलच्या बाजारातून त्याने घरी फोन लावला. भाऊ, गुडघेदुखी, पाऊसपाणी, सगळं बोलून झालं. मग तो म्हणाला, "आये, मी हितं मेंढरं मोजतो. टेक्निशियन म्हंजे तेच."



"किती हायती?" भीमाबाईने विचारलं.

"साडेचारशे."

"कोकरं भरल्याती का?"

"भरल्याती. एका मेंढ्याची लई भारी हायती."

"मग त्याला जप," ती म्हणाली. "आन् ह्ये आधी का न्हाई सांगितलंस?"

 परतताना पिकअपमध्ये तो मुनाफला कोकरांबद्दल सांगत राहिला, न विचारता, पार फार्म येईपर्यंत.

पुढच्या हिवाळ्यात कोकरं झाली, तेव्हा डॉक्टरांनी चार पदवीधर पाठवले. सगळे सौदी, पशुविज्ञान शिकलेले. दोन आठवडे या माणसाकडून मोजायला शिका, असं त्यांना सांगितलेलं होतं. सकाळच्या थंडीत ते वाड्यात आले, कडक इस्त्रीचे पांढरे थोब, पायघोळ अंगरखे घालून. मॅनेजरने त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या आणि ते त्यांवर बसले.

दौलतने एक कोकरू आणलं, लेंड्यांनी भरलेल्या जमिनीवर गुडघे टेकले आणि टेप पुढे केली. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.  दौलत टेप धरून तसाच थांबला. त्याला घाई नव्हती.

मग त्यांतल्या एकाने, हाशिर नावाच्या, थोबचा घोळ वर खोचला आणि तो त्याच्या शेजारी खाली बसला. त्याने टेप कोकराच्या छातीभोवती घेतली आणि आकडा वाचला. दौलतने मान हलवली. हाशिरच्या बोटांवर आपली बोटं ठेवून त्याने लोकर दाबली, टेप कातडीला लागेपर्यंत. आकडा दोन सेंटिमीटरने खाली आला.

"लोकर नाही," दौलत आपल्या मोडक्या अरबीत म्हणाला. "अंग."

हाशिरने आपला आधीचा आकडा खोडला आणि नवा लिहिला. बाकीचे तिघे खुर्च्यांवरून उठले आणि आपापले थोब सावरत खाली बसू लागले.