पाऊल आणि सावली

सकाळी अंधाऱ्या खोलीत सगळ्यांनी आपापलं अर्धवट काम पडद्यावर दाखवायचं आणि टेलिफोनवरच्या मुलीपासून मालकापर्यंत कुणीही त्यातली खोट काढायची, ही त्या ॲनिमेशन स्टुडिओची जुनी रीत.

रेल्वेरुळांशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठच माणसं होती, तेव्हा नोरीनने संगणकाला सावली पाडायला शिकवलं. त्या सावलीवर स्टुडिओ उभा राहिला, असं मालक जेरल्ड पाहुण्यांना सांगे. आता दीडशे माणसं झाली होती आणि पुढचा चित्रपट कुणी दिग्दर्शित करायचा, हे ठरायचं होतं. नोरीनने तो मागितला होता. सगळे मात्र ट्रेव्हरचं नाव घेत होते. तो येऊन दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती.

पडद्यावर ट्रेव्हरचं म्हातारं बदक भिंतीवरून उतरलं. गोठलेल्या तळ्यावर त्याने भीत भीत एक पाऊल ठेवलं, ते थांबलं आणि त्याने मान वळवून मागे पाहिलं. खोलीत कुणीतरी नाक ओढलं. ते थांबणं नोरीनला जन्मात सुचलं नसतं.

मग तिला ते दिसलं. पाऊल बर्फात रुतू नये म्हणून ट्रेव्हरने अख्खं बदकच केसभर वर उचललं होतं. पाऊल आणि सावली यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ राहिली होती. थिएटरच्या मोठ्या पडद्यावर बदक हवेत तरंगताना दिसणार!

ते सांगायचं सोडून ती डोनट चावत राहिली.

"बोला की," जेरल्ड म्हणाला. "फाडून खा."

"बदकाला की ट्रेव्हरला?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

"मी नोरीनच्या तोंडाकडे बघतोय," ट्रेव्हर म्हणाला. "मागच्या चित्रपटातल्या माझ्या मांजराच्या मिश्या या बाईने किती वेळा परत पाठवल्यात! ती गप्प आहे म्हणजे काम चोख."

"मग झालं तर. पुढे पाठवा," जेरल्ड म्हणाला.

तिने डोनट खाली ठेवला. चूक त्याची, पण आता तिच्या नावावर पास होत होती. आणि पडद्यावर पावलापासून सुटलेली दिसणार होती ती तिची सावली.

"थांबा. परत लावा. पाऊल टेकतं तिथे."

तिने बोटाने रेघ दाखवली. ट्रेव्हर लाल झाला. क्षणभर तिला फार बरं वाटलं.

"गाढव आहे मी!" तो म्हणाला. "नोरीन, तू नसतीस तर..."

"पुरे."

काही दिवसांनी बदक परत आलं. अंग खाली आणताना ट्रेव्हरला बदकाचा गुडघा वाकवावा लागला होता, त्यामुळे म्हातारपणाचं सगळं ओझं त्या एका पावलावर आलं होतं. या वेळी कुणाला नाक ओढायचंसुद्धा भान राहिलं नाही.

"ट्रेव्हर," जेरल्ड हळूच म्हणाला, "पुढचा चित्रपट तुझा."

टाळ्या वाजल्या. नोरीननेही वाजवल्या. तिचे डोळे मात्र पडद्यावर होते, पाऊल आणि सावली जिथे मिळत होती तिथे. ती रेघ शोधत होती. रेघ नव्हती.