दोरीचा चहा

गवराबाईंच्या घरात चहा यायचा तो सुटाच. चाकणच्या बाजारातल्या चहाच्या डेपोतून, निम्मा बारीक रंगासाठी, निम्मा जाड चवीसाठी, आणि ते दोन्ही दुकानदारानं आपल्या डोळ्यांदेखत मिसळले पाहिजेत असा त्यांचा कायदा. पाकिटातल्या चहावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "झाकून इकत्यात म्हंजी कायतरी आसंलच त्यात," असं त्या म्हणायच्या, आणि तेही दुकानदाराच्या तोंडावर.

इंद्रायणी त्यांची सून. कुरुळी फाट्यावर पहाटे साडेपाचला कंपनीची बस पकडायची आणि दुपारी पावणेचारला घरी यायचं, असं तिचं अकरा वर्षं चाललं होतं. गाड्यांच्या वायरी जुळवून त्यांचे जुडगे बांधायचं काम. आठ तास उभं राहायचं आणि डोळ्यांत तेल घालून रंग बघायचे. ती लग्न होऊन आली तेव्हा त्यांच्या भावकीतली एकही सून कंपनीत जात नव्हती. बायका गवराबाईंना म्हणाल्या, सून बाहेर पडली की चूल तुमच्याच गळ्यात येईल. गवराबाईंनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं, त्यांना चहा पाजला, वाटेला लावलं आणि सुनेला सांगितलं, "तू जा. च्या मी टाकते."

एवढ्या एका वाक्यावर इंद्रायणीची नोकरी उभी राहिली. पावणेचारला ती उंबऱ्यात चप्पल काढायची तेव्हा पातेल्यात चहा उकळत असायचा आणि ठेचलेल्या आल्याचा वास दारापर्यंत आलेला असायचा. गवराबाईंना घड्याळ फारसं कळत नव्हतं, पण त्यांच्या पदराला कळत होतं. दळण आणायचं असलं की पदराला गाठ, बचत गटाची बैठक असली की गाठ, सुनेचा ओव्हरटाइम असला की गाठ. काम झालं की गाठ सोडायची. उभ्या आयुष्यात त्यांची एकही गोष्ट चुकली नव्हती.

मग गेल्या वर्षापासून चुकायला लागली. चहा टाकायच्या, गोठ्यात गाईकडं एक चक्कर मारून यायच्या आणि पुन्हा टाकायच्या. कधी तिसऱ्यांदाही. चहाचा काढा व्हायचा. इंद्रायणी तोंड वाकडं न करता तो प्यायची. सासूनं अकरा वर्षं केलेला चहा प्यायल्यावर दोन-चार कडू कपांचं काय घेऊन बसायचं, असं तिला मनापासून वाटायचं. पण दिवाळीनंतर एकदा पातेलं जळून कोळसा झालं. गॅस चालू, घरभर धूर, आणि गवराबाई गोठ्यात गाईशी गप्पा मारतायत. शेजारच्या इंदुताई धावत आल्या म्हणून पुढचं टळलं.

इंद्रायणीचा नवरा बाळाजी टेम्पो चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता. त्यानं गॅसचा रेग्युलेटरच काढून कपाटात ठेवला आणि रात्री जेवताना म्हणाला, "आईला राजगुरुनगरला सुभद्राआक्काकडं ठेवू. तिच्याकडं दिवसभर घरात माणूस असतं."

"आत्यांना इचारलं का?" इंद्रायणी सासूला आत्या म्हणायची.

"तिला काय इचारायचं? व्हय म्हणंल आन् अर्ध्या तासानं इसरंल."

आक्का, बाळाजीची थोरली बहीण, महिनाअखेरीला न्यायला येणार असं ठरलं. हातात वीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला इंद्रायणी आली तेव्हा शेगडी गार होती. गवराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदराचं टोक हातात होतं आणि त्याला तीन गाठी होत्या.

"ही कशाची, आत्या?"

"दळणाची आसंल."

"आन् ही?"

त्यांनी गाठ उलटसुलट फिरवून पाहिली. "गाठ हाय म्हंजी कायतरी हाय. पर काय हाय ते गाठ सांगत न्हाई, बाय."

इंद्रायणी मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. तोंड धुवायला तिला त्या दिवशी जरा जास्त वेळ लागला.

त्याच आठवड्यात कंपनीत ऑडिट होतं. ऑडिटवाले आले की कामगारांनाही ट्रेनिंग रूममध्ये चहा मिळतो, आणि तो नेहमीचा थर्मासातला नसतो. कागदी कपात गरम पाणी आणि त्यात दोरीची पुडी. इंद्रायणीला तो चहा मुळीच आवडला नाही. चहा आजारी असावा तसा लागला. तिच्या शेजारी लाइनवर उभी राहणारी मिनल मात्र चहा द्यायच्या मदतीला होती आणि इंद्रायणीजवळ उभी राहून लांबच्या टेबलावरचे कप बघून सांगत होती, "त्या तिघांच्यात टाकलीय, चौथ्याच्यात राहिलीय."

"तुला इथून कसं दिसतं गं?"

"दोरी बाहेर असते ना. दोरी दिसली म्हणजे टाकलंय."

इंद्रायणी कप हातात घेऊन उभीच राहिली. दिवसभर ती हेच तर करत होती: प्रत्येक वायरीला चिठ्ठी, आणि चिठ्ठी नसलेली वायर पुढं सोडायची नाही. घरी एक बाई गाठी मारत होती आणि त्या गाठींना चिठ्ठ्या नव्हत्या.

संध्याकाळी तिनं आपोआप बंद होणारी विजेची किटली आणि शंभर पुड्यांचा डबा घरी आणला. गवराबाईंनी एक पुडी उचलून डोळ्यांजवळ धरली. "एवढीशी पुडी, तिला दोरी, दोरीला कागूद. बारसं बी झालंय का हिचं?" असं म्हणत त्यांनी औषधाची पुडी फाडावी तशी ती दातांनी फाडली आणि सगळी भुकटी कपात ओतली. वर तरंगणारी भुकटी पाहून म्हणाल्या, "ही तर केरातली दिसती."

"फाडायची न्हाई, आत्या. बुडवायची."

"आन् उकळायचं कवा?"

"उकळायचंच न्हाई."

गवराबाईंनी सुनेकडं असं पाहिलं की जणू कंपनीनं तिच्या डोक्यावर परिणाम केला होता. उकळल्याशिवाय चहा होतो यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. पण इंद्रायणीनं हट्ट सोडला नाही. सकाळी निघताना ती दोन कपांत साखर घालून ठेवायची, शेजारी पुड्यांचा डबा, झाकलेलं दूध आणि भरलेली किटली. बटण तेवढं दाबायचं. एवढंच लक्षात ठेवायचं की दोरी बाहेर दिसली तर चहा टाकलाय, नाही दिसली तर नाही टाकला. तिनं हे पहिल्या आठवड्यात पन्नास वेळा तरी सांगितलं असेल.

पहिले चार दिवस दाणादाण उडाली. एकदा दोरी घसरून कपात पडली, गवराबाईंना दिसली नाही, त्यांनी दुसरी पुडी टाकली. एकदा कपात नुसतं दूधच होतं. बाळाजीनं तर आईची पिशवी काढून झटकून ठेवली होती. पाचव्या दिवशी इंद्रायणी आली तेव्हा ओट्यावर बशीनं झाकलेला कप होता आणि दोरी कपाच्या कानाला बांधलेली होती. पक्की निरगाठ.

"ही कुणी बांधली?"

"मीच. सुटती मेली. गाठ मारली, आता कुटं जाती?"

चहा पाणचट होता. आलं नाही, उकळी नाही, रंगही बेताचा. इंद्रायणीनं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. सुट्या चहावर तिचं प्रेम होतंच. रविवारी रेग्युलेटर बसवून ती डेपोतला चहा उकळायची आणि गवराबाई शेजारी उभ्या राहून आलं कमी पडल्याबद्दल बोलून घ्यायच्या. पण बाकीच्या सहा दिवसांसाठी तिनं दोरीचा चहा निवडला होता. चवीपेक्षा तिला तो करणारे हात घरात हवे होते.

महिनाअखेर आली. गुरुवारी आक्का येणार होती आणि नेमका त्याच दिवशी लाइनवर माल अडला. सुपरवायझरनं ओव्हरटाइम लावला. फोन लॉकरमध्ये ठेवलेले, त्यामुळं घरी कळवायचीही सोय नाही. जुडगे बांधताना इंद्रायणीच्या मनात एकच चालू होतं: आपण पोचायच्या आत त्या गेलेल्या असतील. अकरा वर्षं ज्यांनी आपली वाट पाहिली, त्यांना निघताना आपण दिसणारही नाही.

साडेसहाला बस फाट्यावर थांबली. ती घरापर्यंत जवळजवळ पळतच गेली. दारात गवराबाईंची भरलेली पिशवी ठेवलेली होती. बाळाजी पायरीवर खाली मान घालून बसला होता. आत खाटेवर आक्का होती, आणि तिच्या शेजारी गवराबाई.

आक्का तिला पाहून म्हणाली, "ये. तुझीच वाट बघत बसलोय. मी चार वाजता आले. आईनं मला च्या दिला, आपला घेतला. मग तिसरा कप काढून हा केला. पाच वाजता म्हटलं, गार झाला, मी पिऊन टाकते. तर हात लावू देईना. म्हणती, दोरी बांधलीय, इंद्रायणीचा हाय."

ओट्यावर बशीखाली कप होता. दोरी कपाच्या कानाला बांधलेली होती, पण तिच्या टोकाचा कागद नव्हता.

"कागूद इकडं बघ," आक्का म्हणाली आणि आईच्या पदराकडं बोट दाखवलं. पदराला एकच गाठ होती आणि गाठीतून चहाच्या पुडीचा पिवळा कागद बाहेर डोकावत होता. "मी कवा आले हे मला तिनं चारदा इचारलं. पर ही गाठ कशाची म्हणून मी इचारलं, की कागूद बघायची आन् सांगायची. च्याची. सुनेला द्यायचाय. एकदाबी चुकली न्हाई."

मग आक्का बाळाजीकडं वळली. "माझ्याकडं तिला च्या आयता हातात मिळंल, बाळ्या. पर ती वाट कुणाची बघंल? राहू दे तिला हितंच. आठवड्यातनं एक दिस मी येत जाईन."

बाळाजी उठला, दारातली पिशवी उचलून आत नेली आणि खुंटीला अडकवली.

इंद्रायणीनं बशी काढली. चहावर साय धरली होती. दोन-अडीच तास पुडी आत राहिल्यानं तो कडूजहर झाला होता, आणि गार. उभ्या उभ्या तिनं तो सगळा प्यायला. घरात आभार मानायची कुणाला सवय नसते, तिलाही नव्हती. तरी ती सासूच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आत्या, तुमी होता म्हणून माझं सगळं झालं. अकरा वर्षांत हे बोलायचंच राहिलं."

गवराबाईंनी तिच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. मग पदर हातात घेतला, नखांनी सावकाश गाठ सोडवली आणि आतला पिवळा कागद इंद्रायणीच्या तळहातावर ठेवला.

"आलीस न्हवं? मग आता हिचं काम न्हाई," त्या म्हणाल्या. "दमली असशील. बस तू. च्या मी टाकते."

आणि त्या किटलीकडं वळल्या.