चिमटासुर शिवणकाम का करतो?

मित्रांनो, मी एक जुनी चित्रकथा आहे. म्हणजे बरीचशी चित्रकथा आहे. पूर्ण आहे की नाही, याबद्दल माझ्या मनात जन्मापासून गोंधळ आहे, आणि तो गोंधळच मी आज तुम्हांला सांगणार आहे.

माझं मुखपृष्ठ एकेकाळी गडद निळं होतं. त्यावर एक उडती तबकडी डबक्यात अर्धी बुडालेली आहे आणि तिच्या टपावर तीन परग्रहवासी उभे आहेत. मधला तो महाभयंकर सेनापती चिमटासुर. त्याला हातांच्या जागी दोन चिमटे आहेत, आणि भुवया चित्रकाराने स्वतःच्या घरमालकाच्या लावल्या आहेत. शेजारचे दोघे त्याचे शिपाई, फुग्या आणि टोपण्या. हे तिघे पृथ्वी जिंकायला निघतात, पण टोपण्या नकाशा उलटा धरतो म्हणून राजधानीऐवजी डबक्यात उतरतात. काठावर त्यांना एक कोंबडी भेटते. तिच्या डोक्यावरचा तुरा पाहून ते तिलाच पृथ्वीची महाराणी समजतात. चिमटासुर तिला शरणागतीच्या अटी वाचून दाखवतो. महाराणी त्यातल्या निम्म्या अटी कागदासकट खाऊन टाकते. शेवटी ते तिला कैद करून तबकडीत नेतात, आणि पृथ्वीचा चेंदामेंदा करण्यासाठी चिमटासुर चिमटा उगारून लाल बटणाकडे झेपावतो. इथे पान संपतं.

पान उलटलं की शिवणयंत्राची माहिती सुरू होते.

हसू नका. मी काय सोसलं ते मलाच ठाऊक. ऐन लढाईत माझ्या पोटात अशी वाक्यं होती : ‘दोरा वारंवार तुटत असल्यास वरचा ताण सैल करावा. बॉबिनच्या पेटीतला कचरा मऊ कुंचल्याने झटकावा.’ अशी चार पानं. चाकांची आणि स्क्रूंची चित्रं, आणि प्रत्येक चित्राला बाण. मग पुन्हा माझी गोष्ट. त्यात तिघे खलनायक बायकांचे झगे अडकवून झाडाला उलटे लटकलेले, आणि कोंबडी सेनापतीच्या खुर्चीत बसून तबकडी चालवते आहे. लाल बटणापासून त्या झाडापर्यंत काय घडलं, हे माझं मलाच कळत नव्हतं. बॉबिन हे एखादं शस्त्र असावं, अशी मी बरेच दिवस समजूत करून घेतली होती.

छापखान्यातलं मला थोडंफार आठवतं, पण त्याचा अर्थ मला फार पुढे लागला. एका लांबलचक टेबलावर घडी घातलेल्या कागदांचे गठ्ठे मांडलेले असत. बायका टेबलाभोवती फेऱ्या मारत आणि प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक कागद उचलून एकात एक घालत. त्या दिवशी टेबलाच्या अर्ध्या भागावर मी होते आणि उरलेल्या अर्ध्यावर शिलाई मशीनबरोबर मिळणारं माहितीपुस्तक. आमचा आकार सारखा, कागदही सारखा. चहाची किटली ठेवायला कुणीतरी गठ्ठे सरकवले, आणि परत लावताना दोघांच्या मधल्या पानांचे गठ्ठे आपापसांत बदलले. तिथली रीत अशी की पुस्तक वाचून तपासायचं नाही, पानं मोजून तपासायचं. पानं मोजली. ती बरोबर भरली. मग माझ्या पाठीत दोन पिना मारल्या आणि मी तयार झाले. त्या फेऱ्यांमध्ये माझ्यासारख्या आणखी किती जणींचं असं झालं, कोण जाणे.

मला विकत घेतलं ते दोन भावंडांच्या आईने. थोरल्याला घरात सगळे दादा म्हणत आणि धाकटीला बारकी. दादाने मला उभ्याउभ्याच वाचलं आणि मधल्या पानांवर येऊन थांबला. ही सरळसरळ फसवणूक आहे, असं त्याचं मत पडलं. तो मला घेऊन दुकानात गेला, पण दुसरी प्रत शिल्लक नव्हती. घरी येऊन त्याने मला खाटेखाली भिरकावलं. तिथे मी चपलांच्या शेजारी धूळ खात पडले, आणि चूक माझी होती की नाही, याचा विचार करत राहिले.

मला तिथून बाहेर काढलं ते बारकीने. ती नुकतीच जोडाक्षरं वाचायला शिकली होती आणि दिसेल ते मोठ्याने वाचत असे. साबणाच्या वेष्टनापासून दारावरच्या पाट्यांपर्यंत काही सुटत नव्हतं. तिला माझ्यात काहीच खटकलं नाही. तिच्या मते गोष्ट सरळ होती. चिमटासुराने टोपण्याला आणि फुग्याला झगे शिवायला बसवलं, त्यांनी ते शिवले, आणि शिवले म्हणून घातले. यात न कळण्यासारखं काय आहे, असं तिने दादालाच सुनावलं. दोन हातांत कपड्यांचे दोन चिमटे धरून, नाकातून घोगरा आवाज काढत ती ते हुकूम सोडत असे. पुस्तकात नव्हत्या त्या शिव्याही ती पदरच्या घाली. चार पानं तिला तोंडपाठ झाली. माझं इतकं कौतुक पूर्वी कधी झालं नव्हतं. फक्त ते कौतुक माझ्या मालकीच्या नसलेल्या पानांचं आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या घरात मागच्या खोलीत मुलांची मावशी राहत असे. ती कितीतरी वर्षं एका लाँड्रीत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत होती. ते काम सोडून तिने शिलाई मशीन घेतलं होतं आणि एका शाळेचे गणवेश शिवायला घेतले होते. कापून ठेवलेल्या कापडाचा ढीग तिच्या खाटेवर होता. गणवेश सोमवारी द्यायचे होते. दिले नाहीत तर शाळा कापड परत नेणार होती, आणि लाँड्रीच्या मालकाने तिची जागा सोमवारपर्यंतच रिकामी ठेवली होती. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून जेवताना त्याबद्दल कुणी बोलत नसे.

आणि मशीन काही चालत नव्हतं. चार टाके पडले की दोरा तुटे. मावशी पुन्हा ओवी, पुन्हा तुटे. विकणाऱ्याने सांगितलं, मशीन उत्तम आहे, पुस्तकात बघा. मावशीने पुस्तकात बघितलं. दोरा तुटण्याचं पान आलं तर तिथे एक कोंबडी होती. तिने तसं त्याला सांगितलं तेव्हा तो दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांकडे पाहून हसला आणि म्हणाला की बाई, झेपत नसेल तर परत आणून द्या. त्यानंतर मावशीने पुस्तक मशीनच्या खणात अगदी तळाशी घातलं. तिला वाटलं, शिकलेल्या माणसांना त्या कोंबडीचा अर्थ कळत असणार. आपल्याला विचारायचीही चोरी. हे तिने बहिणीला पुढे सांगितलं, तेव्हा मी तिथेच होते.

तो रविवार होता. दुपारची वेळ. मशीन उद्या परत करून टाकते, असं मावशीने मुलांच्या आईला शांतपणे सांगितलं आणि शेवटचं म्हणून पायडलवर पाय ठेवला. बारकी मला घेऊन मशीनखाली बसली होती. ती जागा म्हणजे तिची तबकडी. वर चार टाके पडले आणि दोरा तुटला. खाली चिमटासुर गरजला.

“अरे टोपण्या, माठ्या! सुईची चपटी बाजू खांबाकडे असावी. अन्यथा दोरा तुटेल.”

मावशीचा पाय थांबला.

“काय म्हणालीस?”

“मी नाही. चिमटासुर म्हणाला.”

“बरं, त्याला म्हणावं, परत सांग.”

बारकीने परत सांगितलं, माठ्या शब्दासकट. मावशी सुईवर वाकली, चष्मा सरकवून बघू लागली. सुईची चपटी बाजू मशीनच्या उभ्या खांबाच्या उलट्या अंगाला होती. तिने स्क्रू सैल केला, सुई फिरवली, घट्ट केली.

“आणखी काय म्हणतोय तो मेला?”

“वरचा ताण सैल करावा. बॉबिनच्या पेटीतला कचरा झटकावा. फुग्या, तू झटक.”

फुग्या तिथे नव्हता, म्हणून मावशीनेच झटकला. मग तिने कापड सुईखाली घातलं आणि पायडल दाबलं. शिवण निघाली ती बाहीच्या टोकापर्यंत न थांबता गेली. मुलांची आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मावशीने दुसरी बाही घेतली.

तीन-चार गणवेश झाल्यावर तिने हात खाली करून मला मागितलं. माझी मधली पानं बघितली, आणि खणाच्या तळाचं पुस्तक काढून माझ्याशेजारी जमिनीवर ठेवलं. तेवढ्यात आलेला दादा ते चाळू लागला आणि एकदम खुशीत आला. “मावशी, तुझ्या पुस्तकात आमची कोंबडी आहे.”

मित्रांनो, त्या दिवशी मला माझं पोट पहिल्यांदा दिसलं. चिमटासुर लाल बटण दाबतो. तबकडी त्याला परवलीचा शब्द विचारते. तो विसरलेला असतो. तिघे एकमेकांवर खेकसत असताना कोंबडी म्हणते, “पक्‌ पक्‌ पकाक्‌.” नेमका तोच शब्द निघतो. तबकडी कोंबडीला सलाम ठोकते आणि तिघांना खालच्या झाकणातून बाहेर फेकते. ते वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीवर पडतात आणि झग्यांसकट झाडाला जाऊन लटकतात.

दादा पोट धरून हसला. बारकीने मात्र झग्यांच्या चित्रावर बोट ठेवलं.

“म्हणजे त्यांनी शिवलेच नाहीत?” ती म्हणाली.

दादाने सुरीच्या टोकाने दोघांच्याही पिना अलगद उचकटल्या. बारकीला तिची चार पानं द्यायची नव्हती. ती दोन्ही हातांनी दाबून बसली होती. मावशीने ओढली नाहीत. मशीनला तेल कुठे घालायचं तेही त्यातच आहे, म्हणून मला लागतील, एवढंच तिने सांगितलं आणि ती वाट बघत राहिली. बऱ्याच वेळाने बारकीने हात उचलले. दादाने पानं आपापल्या जागी घातली आणि पिना परत दुमडल्या.

गणवेश सोमवारी गेले. लाँड्रीतली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मावशीने पुढे अनेक वर्षं शिवलं, आणि विकणाऱ्याच्या दुकानावरून जाताना ती मान वळवत नसे, असं म्हणतात.

मी आता पूर्ण आहे. निदान सगळे तसं म्हणतात. माझ्या मधल्या पानांना मशीनच्या तेलाचा वास येतो आणि बाकीच्यांना येत नाही. कधीकधी वाटतं, हीच पाहुणी आहेत आणि माझी खरी पानं मावशीकडे राहिली. बारकी आता मोठी झाली आहे. तिच्या मुलीला ती माझी गोष्ट वाचून दाखवते. लाल बटण येतं, पान उलटतं, आणि बारकी नाकातून घोगऱ्या आवाजात म्हणते, “वरचा ताण सैल करावा.”

“आई, इथे असं लिहिलेलं नाही,” मुलगी म्हणते. तिला आता वाचता येतं.

“हो. पण तो म्हणतो तसंच,” बारकी म्हणते, आणि पुढे वाचू लागते.

मला अजून नीट उलगडा झालेला नाही. पण मित्रांनो, एक मागणं आहे. आमच्यातलं एखादं पान तुम्हांला विचित्र वाटलं, तर लगेच फाडू नका, आणि खाटेखाली भिरकावू नका. ते मोठ्याने वाचा. वर मशीनवर कोण बसलं आहे, ते आम्हां पुस्तकांना खालून दिसत नाही.