सोबत जोडलेली बरणी

विषय : तळ्याचे नुसते पाणी न तपासता त्यातील शेवाळ, मासे व अर्जदाराचे केस तपासण्याबाबत.
संदर्भ : तळ्याकाठच्या मार्झानचा अर्ज.
सोबत : बरणी एक, केसांची बट एक.

महोदय, बरणीत आहे ती मी. तळ्यातली शेवाळ. अर्ज कोणी वाचत नाही, म्हणून सोबतच्या कागदपत्रांना बोलावे लागते.

कझाकस्तानच्या उत्तरेला, उघड्या माळावर माझे तळे आहे. मला ऊन, पाणी आणि चिखल पुरत असे. हिरवे राहणे एवढेच माझे काम, आणि ते मी चोख करत होते. मग काठावर कारखाना आला. त्याला कॉस्टिक सोडा करायला पारा लागे आणि सांडपाणी टाकायला आम्ही. बंद पडला तेव्हा लोकांनी यंत्रे नेली, खिडक्यांच्या चौकटीही नेल्या. पारा तेवढा न्यायला कोणाला आठवला नाही.

तो चिखलातून थोडाथोडा पाण्यात उतरतो. मी पाण्यातून अन्न ओढते, त्याबरोबर त्यालाही ओढते. पाण्यात कणभर असला तर माझ्यात हजारो पटींनी साठतो. माझ्या हिरवेपणाच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेले असते. पारा त्याला उठवून स्वतः त्या खुर्चीत बसतो आणि काम मात्र करत नाही. मग समोर ऊन असून मला ते वापरता येत नाही. वाढ खुंटते, रंग विटतो. अशा खुर्च्या या कार्यालयाला नवीन नसाव्यात.

मला पाणकिडे खातात, त्यांना लहान मासे, लहानांना शोर्तान नावाचा दातेरी मोठा मासा. पारा कोणाच्याच अंगातून धड निघत नाही, वरच्याच्या अंगात वाढत जातो. मासा जेवढा मोठा, तेवढे विष जास्त. खाणाऱ्या माणसाच्या केसांत ते उतरते, पोटातल्या बाळातही.

दरवर्षी तपासनीस येतो आणि बाटलीभर पाणी नेतो. शेरा ठरलेला : पाणी मर्यादेत. असणारच! पाण्यातला पारा मी गिळून बसले आहे.

या हिवाळ्यात मार्झानला दिवस गेले आणि माशाचे डोहाळे लागले. आमच्याकडे गर्भारणीची इच्छा अपुरी राहिली तर घरच्यांना गावात तोंड दाखवता येत नाही. तिचा नवरा येरबोलात दर आठवड्याला बर्फ फोडून तळ्यातला सर्वांत मोठा शोर्तान आणी. लहान आणला असता तर कमी बाधला असता. पण लहान मासा आणणे म्हणजे बायकोवर जीव नसणे.

बर्फ वितळल्यावर तपासनीस आला, तेव्हा सासू कुल्याश आपा काठावर फळीवर मासा कापत होती.

"आपा, हा तळ्यातला?"

"नाही रे, आभाळातून पडला. पाहुणा आहेस, माशाचे डोके मानाने तुला. बस."

"मी घरून खाऊन निघालो," तो चाचरला. "सूनबाईला मात्र देऊ नका."

"का? पाणी चांगले म्हणून तूच लिहितोस ना?"

"पाण्याचे लिहितो, आपा. माझ्या तक्त्यात माशाचा रकाना नाही."

मार्झान फळी धुवायला वाकली होती. तिने ती उलटी केली. मागे ठळक अक्षरे होती : 'येथील मासे खाऊ नयेत.'

"वाऱ्याने पडली होती," येरबोलात पुटपुटला. "लाकूड बरे दिसले."

"का नाही वाचलीस?" तिने विचारले.

"तुला खायचे होते ना."

आपा हातातली सुरी खाली ठेवायचीसुद्धा विसरली. मार्झान तशीच पाण्यात उतरली, मला मूठभर उपटले आणि मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत कोंबले. मग आपाच्या सुरीने स्वतःची बट कापली.

"हे ने," ती तपासनिसाला म्हणाली.

"रकाना..."

"मग मीच नेते."

तेव्हापासून मी तुमच्या कार्यालयातल्या या कपाटावर आहे. दर मंगळवारी मार्झान जिना चढून येते. मागच्या वेळी मधल्या पायरीवर बसावे लागले तिला.

"झाले का?"

"बाई, हे पाणी विभागाचे, की आरोग्याचे, की मत्स्य विभागाचे, तेच ठरत नाही."

"ठरेपर्यंत पोटातला हा बाहेर येईल!"

"अभिनंदन," बाबू म्हणाला.

तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने बरणीवरची धूळ पुसली आणि मला खिडकीत ठेवले. ती गेल्यावर मला पुन्हा कपाटावर ठेवण्यात आले.

महोदय, मी तपकिरी झाले आहे. माझे राहू द्या. ती बट तपासा, आणि तळ्यावर नवी पाटी लावा, लोखंडाची. तिच्यावर मासा कापता येऊ नये.

मार्झानला नववा महिना लागला आहे. अर्ज प्रलंबित आहे.